एकतीस घरांचा उन्हाळा

आलेली पत्रं आत्यानं ताईच्या हातात लगेच दिलीच नाहीत. आधी जेवणाचं टेबल पुसलं, चष्मा पुसला, मग कपाटातून एक जाड पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "वाच. पण वाचून झाल्याशिवाय माझ्याशी बोलू नकोस."

गुरुवारची दुपार होती. ताई ऑफिसातून मुद्दाम लवकर आत्याकडे आली होती, कारण शनिवारी दुपारी चारला विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाची बैठक होती आणि त्या बैठकीत विद्यापीठ राहणार की जाणार, हे ठरणार होतं. शेजारच्या मोठ्या विद्यापीठानं आपल्यात विलीन करून घ्यायचा प्रस्ताव दिला होता. इमारती राहतील, पाटी बदलेल, चारशे मुलं हळूहळू तिकडे हलवली जातील. मंडळात सात माणसं. तिघं विलीनीकरणाच्या बाजूनं, तिघं विरोधात, आणि सातवा ताईचा सख्खा भाऊ. दादा वकील होता, आणि त्याचं मत काय आहे याबद्दल त्यानं आजवर ताकास तूर लागू दिली नव्हती. ताई स्वतः कुलसचिव. बैठकीचं इतिवृत्त लिहायचा अधिकार तिला होता, हात वर करायचा नव्हता.

अध्यक्ष डॉक्टर सरळ माणूस होते. मागच्या बैठकीत ते म्हणाले होते, ज्या शाळेची तिच्या जुन्या पोरांनाच आठवण येत नाही, ती आपण कुणासाठी चालवायची? त्यांचं बोलणं ताईला लागलं, कारण ते खोटं नव्हतं. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा दर वर्षी व्हायचा आणि दर वर्षी खुर्च्या जास्त, माणसं कमी अशी गत असायची. म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिनं सगळ्या माजी विद्यार्थ्यांना पत्र पाठवलं होतं. देणगी मागायचीच होती, पण पत्रात आधी लिहिलं होतं की इथली एक आठवण लिहून पाठवा, चांगली असो की वाईट. दादा ते पत्र वाचून हसला होता. बुडत्या जहाजावर गाण्याच्या भेंड्या, असं म्हणाला होता.

पण आठवणी आल्या. दोनशेच्या वर आल्या, आणि बऱ्याच पाकिटांत आठवणीबरोबर चेकही होता. आल्या नव्हत्या त्या एकाच वर्षाच्या, संपाच्या वर्षाच्या. चौतीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतल्या एका परिचराला चोरीचा आळ घेऊन काढून टाकलं, तेव्हा शेवटच्या वर्षाच्या एकतीस मुलामुलींनी नऊ दिवस विद्यापीठाचं फाटक बंद ठेवलं होतं. परिचर निर्दोष ठरून पुढं कामावर परतलाही. पण तेव्हाच्या मंडळानं हट्ट धरला, की या एकतीस जणांनी लेखी माफी मागितल्याशिवाय त्यांना पदवी द्यायची नाही. पदवीदान समारंभात त्यांची नावं पुकारलीच गेली नाहीत. तेव्हाचे कुलगुरू होते ताई-दादाचे वडील, घरात अप्पा आणि बाहेर सर. मंडळाच्या आदेशाखाली सही त्यांचीच होती. त्यानंतर ती तुकडी कधी परत आली नाही, आणि मोठे रुसलेले पाहून त्यांच्या मागच्या तुकड्याही दुरावल्या. ही गोष्ट घरात कुणी बोलत नसे. अप्पांना जाऊन चार वर्षं झाली, तरी नसे.

ताईनं पहिलं पत्र उघडलं. ते 'रेक्टरबाईंना' लिहिलेलं होतं. आत्या सत्तावीस वर्षं वसतिगृहाची रेक्टर होती आणि जुन्या मुलांसाठी अजून तेच तिचं नाव होतं. पत्रात लिहिलं होतं, 'हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या उन्हाळ्यात सर स्वतः माझ्या गावी, माझ्या घरी आले. पदवीचं प्रमाणपत्र हातात ठेवलं आणि म्हणाले, कुणाला सांगू नकोस. आम्ही सगळ्यांनी फाटकापाशी शपथ घेतली होती, की सगळ्यांना मिळेपर्यंत एकानंही घ्यायचं नाही. मी घेतलं. म्हणून मी परत कधी तिकडे आलो नाही. मित्रांना तोंड कसं दाखवू?'

ताईनं दुसरं उघडलं. अक्षर वेगळं, शाई वेगळी, आणि गोष्ट तीच. तिसऱ्यातही तीच. एकीनं लिहिलं होतं की सर आले तेव्हा ती विहिरीवर होती आणि ओल्या हातांनी तिनं प्रमाणपत्र घ्यायला नको म्हणून सरांनी स्वतःचा रुमाल पुढं केला. एकानं लिहिलं होतं की त्याच्या वडिलांना वाटलं, पोलीस आले. पण प्रत्येकाच्या शेवटी तेच होतं. मी एकट्यानंच शपथ मोडली, कृपा करून कुणाला सांगू नका.

चोविसावं पत्र वाचून झालं तेव्हा चहावर साय धरली होती. ताईनं मान वर केली.

"सगळ्यांकडे गेले होते?" तिनं विचारलं.

"सगळ्यांकडे," आत्या म्हणाली. "पत्ते माझ्या वहीतून उतरवून दिले होते. मे महिना सुरू झाला तेव्हा निघाला आणि जूनमध्ये संपवलं. मंडळाला कळलं असतं तर प्रमाणपत्रं रद्द झाली असती, म्हणून ज्याला त्याला गप्प राहायला सांगितलं. मलाही."

"आणि तू चौतीस वर्षं मूग गिळून बसलीस."

"मला वाटायचं, पोरं मनातून खूश असतील. ती एकमेकांना तोंड चुकवत फिरतायत, हे मला कुठं ठाऊक होतं? तुझं ते पत्र छापील होतं, त्याला ही मंडळी उत्तर देणार नाहीत असं वाटलं. म्हणून मी हातानं कार्डं लिहिली. अर्ध्यांचे पत्ते शोधायला महिना गेला." आत्यानं पाकिटावर हात ठेवला. "शहाणपणा केला तुझ्या बापानं, पण अर्धाच केला. पदवी दिली आणि माणसं घालवली."

तेवढ्यात दादा आला. दर गुरुवारी कोर्टातून परस्पर तो आत्याकडे येई. टेबलावरचा पसारा पाहून त्यानं एक पत्र उचललं, उभ्यानंच वाचलं, मग दुसरं वाचलं. ताईला वाटलं होतं की तो काही टोमणा मारेल. त्यानं खुर्ची ओढली आणि बसला.

"हा कुठला उन्हाळा?" त्यानं विचारलं, पण उत्तर त्याला माहीत होतं. त्या उन्हाळ्यात दादा सतरा वर्षांचा होता आणि पायाचं ऑपरेशन होऊन अकरा दिवस दवाखान्यात पडला होता. ताई तेव्हा बारा वर्षांची. तिला आठवत होती ती आईची ये-जा आणि 'अप्पांना परीक्षेचं काम आहे' हे वाक्य. अप्पा त्या अकरा दिवसांत एकदाच आले होते. दादानं हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण पुढं तो या विद्यापीठात शिकला नाही, आणि मंडळावर आला तोही अप्पा गेल्यावर, त्यांची जागा रिकामी राहू नये म्हणून, लोकांनी गळ घातल्यावर. विलीनीकरणाबद्दल विचारलं की तो एवढंच म्हणे, विद्यापीठाच्या त्या टेकडीनं आपल्या घराचं पुष्कळ खाल्लंय.

"म्हणजे एकतीस घरी गेले," दादा सावकाश म्हणाला, "आणि माझ्या वॉर्डात एकदा."

अप्पांची बाजू घ्यावी तर दादा दुखावणार, दादाची घ्यावी तर टेबलावरची चोवीस पत्रं समोर. ताई आत्याकडे बघत राहिली. आत्या भावाची कड घेईल, असं दोघांनाही वाटलं असावं. आयुष्यभर तिनं तेच केलं होतं.

"चुकलंच त्याचं," आत्या म्हणाली. "ते त्यालाही माहीत होतं. मला म्हणाला होता, पोराला कधीतरी तू सांग, माझ्या तोंडून निघणार नाही. मी सांगितलं नाही. ती चूक माझी."

दादानं हातातलं पत्र घडी करून पाकिटात ठेवलं. मग त्यानं विचारलं, ही पत्रं शनिवारी सकाळी, बैठकीआधीच्या मेळाव्यात वाचणार का. ताई म्हणाली की ती दुसऱ्यांची गुपितं आहेत, विश्वासानं लिहिलेली. ती कशी वाचणार? दादा वकिली सुरात म्हणाला की बरोबर आहे, वाचता येणार नाहीत. जाताना मात्र दारात थांबून म्हणाला, "त्यांचं गुपित त्यांचं. अप्पांचं गुपित आपलं आहे. ते सांगायला कुणाची परवानगी लागत नाही."

शनिवारी सकाळी दहाला सभागृह भरायला लागलं. आठवणी पाठवलेले पुष्कळ जण आले होते. आपापल्या तुकडीप्रमाणे घोळके करून बसले होते, हसत होते, एकमेकांच्या टकलावर बोलत होते. संपाच्या तुकडीचे बावीस जण आले होते. आत्याच्या कार्डाला मान देऊन आले असतील. पण ते घोळका करून बसले नव्हते. एक इथं, दुसरा चार रांगा सोडून तिथं, जणू एकमेकांना ओळखतच नाहीत. सगळ्यात मागे, दाराजवळ, बसला होता तो त्यांचा पुढारी. नदीवरचे पूल बांधणारा इंजिनिअर. घसा असा की संपात त्याला भोंगा लागत नसे, म्हणून सगळे त्याला तोफ म्हणायचे. तोफेनं पत्राला उत्तर पाठवलं नव्हतं. दादा त्याच्याच रांगेत दुसऱ्या टोकाला येऊन बसला.

ताईनं भाषण लिहून आणलं होतं. माईकपाशी गेल्यावर तिनं ते घडी करून ठेवलं.

तिनं साधेपणानं सांगितलं. म्हणाली की मी कुलसचिव म्हणून बोलत नाही, मुलगी म्हणून बोलतेय. एका वर्षी इथं काही नावं पुकारली गेली नाहीत, आणि त्या आदेशावर माझ्या वडिलांची सही होती. ती सही त्यांना पटलेली नव्हती, पण त्यांनी केली, त्याची जबाबदारी त्यांचीच. त्यानंतर त्यांनी काय केलं ते मला परवा कळलं. कपाटातली प्रमाणपत्रं काढून कापडी पिशवीत घातली आणि मे-जूनच्या उन्हात एसटीनं, रेल्वेनं, जिथं गाडी जात नाही तिथं पायी, घरोघर जाऊन त्यांनी ती स्वतः पोचवली. प्रत्येकाला सांगितलं की कुणाला सांगू नकोस.

"एकतीस घरी गेले," ती म्हणाली. "एकही सोडलं नाही."

मग मागून आवाज आला. एके काळी तो फाटकापासून वसतिगृहापर्यंत ऐकू जायचा. आज जेमतेम मंचापर्यंत पोचला.

"किती म्हणालात?"

"एकतीस," ताई म्हणाली. पहिल्या रांगेतून आत्यानं मान वळवली आणि पुस्ती जोडली, "तुझ्याकडे गेला ते तेवीस मेला. तुझ्या आईनं त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही."

तोफ उभा राहिला होता, तो खुर्चीच्या पाठीला धरून तसाच राहिला. म्हणाला की शपथ मीच घातली होती सगळ्यांना. फाटकाच्या गजाला हात लावून घ्यायला लावली होती. आणि आई म्हणाली, बघू तरी दे पोरा कसं असतं ते, म्हणून मी ते घेतलं. चौतीस वर्षं मला वाटतंय की इतरांना फाटकाशी उभं करून मी एकटा मागच्या दारानं पळालो.

चार रांगा पुढं बसलेली, औषधांचं दुकान चालवणारी एक बाई आधी हसली. मग तिनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही थांबेना. "मीपण," ती म्हणाली. तिच्या उजवीकडचा हात वर झाला. मग भिंतीकडचा. वर्गात हजेरी घ्यावी तसे बावीस हात वर झाले. पन्नाशी ओलांडलेली ती माणसं एकमेकांकडे बघत होती, चोर सापडल्यासारखी आणि सुटल्यासारखीही. कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणीतरी रांग ओलांडली, आणि बघता बघता त्यांचाही एक घोळका झाला. सगळ्या तुकड्यांमधला सर्वात मोठा आणि सगळ्यात गोंगाट करणारा.

ताईनं पुढचा कार्यक्रम गुंडाळला. तिनं आयत्या वेळी एवढंच केलं, की जुनं नोंदपुस्तक मागवलं आणि एकतीस नावं मंचावरून पुकारली. आले ते चढून वर आले. न आलेल्यांच्या वेळी सगळे टाळ्या वाजवत राहिले. दोन नावं वारलेल्यांची होती. त्यातल्या एकाची बायको आली होती. ती मंचावर आली आणि म्हणाली की नवऱ्यानं ते प्रमाणपत्र कधी भिंतीवर लावू दिलं नाही. का, ते तिला आज कळलं. घरी गेल्यावर आधी खिळा ठोकणार आहे.

जेवणाच्या सुट्टीत ताई दादाला शोधत बाहेर आली. बैठकीला दोन तास उरले होते आणि त्याचा चेहरा तिला बघायचा होता. तो व्हरांड्यात त्या औषधवालीशी बोलत उभा होता. म्हणजे ती बोलत होती आणि तो ऐकत होता. ताई खांबाशी थांबली.

बाई सांगत होती की सर तिच्याकडे आले ते दुपारी, आणि बसायलाच तयार नव्हते. मुलगा दवाखान्यात आहे म्हणाले, पाच वाजता भेटीची वेळ संपते, गाडी चुकली तर पोचणार नाही. तिनं कागदाच्या पुड्यात थोडा खाऊ बांधून दिला. सरांनी विचारलं, तुमच्या बाजारात बुद्धिबळाचा छोटा पट मिळेल का, पलंगावर मावेल असा? ती स्वतः त्यांना दुकानात घेऊन गेली. पट घेण्यात वेळ गेला आणि गाडी खरंच चुकली. "मला फार वाईट वाटलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला मिळाला का तो पट?"

"मिळाला," दादा म्हणाला. "आत्यानं आणला होता. मला वाटलं, तिनंच घेतला."

त्यानं खिशातून रुमाल काढला, चष्मा काढला, आणि चष्मा न पुसताच परत घातला. तोफ शेजारी येऊन उभा होता. तोही म्हणाला की माझ्याकडे जेवताना सर सारखे घड्याळ बघत होते. मग तिसरा आला. त्याला सरांनी सांगितलं होतं की मुलाचा पाय नीट बसतोय, पावसाळ्यापर्यंत चालायला लागेल. दादा एकेकाला विचारत राहिला, कधी आले होते, काय म्हणाले, अजून काय म्हणाले. साक्षीदार तपासावा तसं विचारत होता, पण हे काम कोर्टातलं नव्हतं. ताई पुढं गेली नाही. ही भेट तिची नव्हती.

चारला बैठक सुरू झाली. डॉक्टरांनी प्रस्ताव वाचला. विलीनीकरणाच्या बाजूच्या एकानं विचारलं की सकाळी डोळे ओले झाले ते ठीक, पण ओल्या डोळ्यांनी विद्यापीठ चालतं का? प्रश्न रास्त होता. ताईनं कागद पुढं ठेवला. त्यावर दुपारी जेवणानंतर सगळ्या तुकड्यांतल्या माणसांनी लिहून दिलं होतं की ज्याला जेवढं जमेल तेवढं, पण दर वर्षी, न मागता. तोफेनं प्रयोगशाळेचं छप्पर अंगावर घेतलं होतं. ज्यांना पैसे जमणार नव्हते, त्यांनी शनिवारी येऊन शिकवायचं कबूल केलं होतं. एका शिंप्याच्या पोरानं, तो आता मोठ्या पेढीवर होता, लिहिलं होतं की एका गरजू मुलाची फी माझ्याकडे, मी असेपर्यंत.

सगळे दादाकडे बघत होते. तो उठला नाही, बसूनच बोलला. म्हणाला, "मी आलो होतो विलीनीकरणाला मत द्यायचं ठरवून. हे लपवत नाही. माझी कारणं घरची होती, आणि घरच्या कारणावरून चारशे मुलांचा निकाल लावणं बरं नव्हे, हे मला कळायला हवं होतं." मग त्याच्यातला वकील जागा झाला. माजी विद्यार्थ्यांची रीतसर संस्था करावी, मंडळावर त्यांचे दोन प्रतिनिधी घ्यावेत, तीन वर्षांनी पुन्हा हिशोब मांडावा. या अटींवर विद्यापीठ स्वतःच्या पायावर ठेवावं, असं त्याचं मत पडलं.

चार विरुद्ध तीन. ताईनं इतिवृत्तात ते लिहिलं आणि जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते तिला त्या क्षणी हातात जाणवलं, कारण पेन धरलेली बोटं दुखत होती आणि ते किती घट्ट धरलं होतं हे तिला आत्ता कळत होतं. डॉक्टर उठता उठता म्हणाले की माझं मत हरलं, पण आज घरी जाऊन झोप चांगली लागेल.

दोघं बहीणभाऊ जिना उतरून खाली आले. सभागृह पाचला बंद करायचं होतं आणि साडेपाच होऊन गेले होते. बाकीच्या तुकड्या पांगल्या होत्या, पण संपवाले हलले नव्हते. मंडळाचा निर्णय त्यांना डॉक्टरांकडूनच कळला होता. पण आता वाद वेगळ्याच गोष्टीवर पेटला होता. सर सगळ्यात पहिल्यांदा कुणाकडे गेले? तोफ म्हणत होता माझ्याकडे. तेवीस मे ही तारीख त्याच्या सोयीची नव्हती, पण तो ती मानायला तयार नव्हता. औषधवाली म्हणत होती, माझं घर स्टेशनला सगळ्यात जवळ, मग पहिली मीच. आणखी चौघं जण आपापला दावा मांडत होते. दादा घोळक्यात शिरला आणि पुरावा काय, पुरावा काय, असं विचारायला लागला.

शेवटी सगळे आत्याकडे वळले. ती मधल्या खुर्चीत बसली होती. पत्त्यांची ती वही, तारखांसकट, तिच्या पिशवीत होती आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"रेक्टरबाई, तुम्हीच सांगा," तोफ म्हणाला. "पहिलं घर कुणाचं?"

आत्यानं पिशवीचा बंद ओढून घट्ट केला.

"ते आज सांगितलं," ती म्हणाली, "तर पुढच्या वर्षी याल कशाला?"